फिल्म-टीव्हीच्या ‘डिग्री’ला पैसे भरण्याआधी पावती नीट वाचा

बारावीनंतर फिल्म-टीव्ही शिकायला पुण्यात येणाऱ्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितेय. इथल्या एका खासगी संस्थेने ‘बी.ए. फिल्म अँड टेलिव्हिजन’ म्हणून जे माझ्या गळ्यात मारलं, ते अजूनही विकलं जातंय. पुन्हा अ‍ॅडमिशन सुरू झाल्यात, म्हणून राहवत नाही.

मला पुढे एफटीआयआयला, म्हणजे पुण्यातल्याच सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला, जायचं होतं. तिथल्या सिनेमाच्या मुख्य कोर्सेसना आधी पदवी लागते. संस्थेच्या काउन्सेलरने नेमकं तेच हेरलं. “ग्रॅज्युएशन इथूनच होऊ दे, कॅमेरा शिकूनच ती तिकडे जाईल,” असं त्यांनी बाबांना सांगितलं. डिग्री परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची, आमचं त्यांच्याशी टाय-अप आहे, यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता आहे, सगळं कसं पक्कं! स्टुडिओ दाखवला तेव्हा हिरवा पडदा, लाइट्स, ट्रायपॉडवर दोन मोठे कॅमेरे. कॅमेऱ्याच्या अंगावर भाड्याने सामान देणाऱ्या दुकानाचं स्टिकर होतं. वर्ग सुरू झाले तेव्हा ते कॅमेरे गायब. वर्षभर आम्ही मोबाइलवरच शूट केलं. एडिटिंगचे सर मात्र मनापासून शिकवायचे, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पगार तर त्यांचाही थकलेला होता.

वर्षअखेरीला हॉल तिकीट आलं. त्यावर विषय छापलेले: हिंदी साहित्य, इतिहास, राज्यशास्त्र. सिनेमाचा उल्लेखही नाही. खाली ‘दूरस्थ’ असा शिक्का. आम्हा सगळ्यांची नावं साध्या बी.ए.ला बाहेरून नोंदवली होती. विचारलं तर उत्तर मिळालं, “डिग्री तर डिग्रीच असते ना?”

नसते. यूजीसी कायदा 1956 चा. त्याच्या कलम 22 प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्याने तो दिलेल्या संस्थांनाच आहे; ‘इन्स्टिट्यूट’, ‘अ‍ॅकॅडमी’ अशी पाटी लावून तो मिळत नाही. राज्याच्या कायद्याने उभं राहिलेलं खासगी विद्यापीठ आपल्या राज्याबाहेर अभ्यासकेंद्र काढू शकत नाही, आणि स्वतःचे कोर्स खासगी क्लासला फ्रँचायझीवर चालवायलाही देऊ शकत नाही. कुठलं विद्यापीठ कुठला कोर्स दूरशिक्षणाने देऊ शकतं, याची सत्रवार यादी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. आमचं विद्यापीठ त्या सत्राच्या यादीत नव्हतं. अशा पदवीवर एफटीआयआय सोडाच, स्पर्धा परीक्षेचा फॉर्मसुद्धा अडकतो.

सगळ्यात मोठी खूण पावतीवर होती आणि ती कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षाचे 1 लाख 40 हजार भरले, त्याची पावती संस्थेच्या नावाने नव्हती. भलत्याच एका फर्मची होती, त्यावर ‘प्रशिक्षण सेवा’ आणि पुढे 18 टक्के जीएसटी. कायद्याने मान्य असलेल्या पदवीचं शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या फीवर जीएसटी लागत नाही. म्हणजे तोंडाने डिग्री सांगणारे सरकारला मात्र ‘हा क्लास आहे’ असं सांगत होते. सर्टिफिकेट कोर्स म्हणून उघडपणे सांगून जीएसटी घेणारे प्रामाणिक लोकही आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण पदवीच्या नावाने घेतलेल्या फीच्या पावतीवर 18 टक्के जीएसटी दिसला तर तिथून निघा.

बारावीची मूळ मार्कशीट आणि एल.सी. त्यांनी ‘व्हेरिफिकेशन’साठी ठेवून घेतली होती. सोडून जाते म्हटल्यावर उरलेल्या दोन वर्षांची फी मागितली. बाबा आणि मामा पोलीस चौकीत अर्ज देऊन त्याची पोच घेऊन गेले, तेव्हा कुठे कागद परत मिळाले. पैशांसाठी वकिलाची नोटीस दिलीय. अजून रुपयाही आलेला नाही. मूळ कागद कुणाकडेही सोडू नका, दाखवा आणि परत घ्या.

माझ्या बॅचमधले जे हे वाचत असतील त्यांनी हॉल तिकीट, पावत्या आणि काउन्सेलरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज डिलीट करू नयेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार एकत्र द्यायचं चाललंय. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही प्रत्येकाने स्वतःची तक्रार नोंदवावी आणि तिचा नंबर लिहून ठेवावा.