कोलोसियमची मुलांसाठीची टूर: अर्धी झकास

रोमला मुलांना घेऊन जायचं म्हणून कोलोसियमची, म्हणजे माणसांच्या आणि जनावरांच्या झुंजी जिथे व्हायच्या त्या प्राचीन रोमन प्रेक्षागाराची, खास मुलांसाठीची टूर घेतली. गाइडबाईंना पैकीच्या पैकी. इ.स. 80 मधलं उद्घाटन वगैरे त्यांनी एका वाक्यात उरकलं आणि थेट तळघराकडे वळल्या. लाकडी जमिनीखालच्या बोळांतून जनावरांना दोरखंडाच्या लिफ्टने वर कसं आणत, हे हातवारे करून असं रंगवलं की धाकटीचे प्रश्न संपेनात. मोबाइलमधून मान वर न काढणारा थोरलासुद्धा कठड्याला चिकटून उभा!

पण लगेच त्याच दमात शेजारचे अवशेष, म्हणजे फोरम हा प्राचीन रोमचा मुख्य चौक आणि पॅलाटिन टेकडी? भर उन्हात, त्या खडबडीत फरसबंदीवरून? पडक्या खांबांत मुलांना काडीचा रस नव्हता. किंमत बघता टूर दोन तुकड्यांत हवी होती. बाबागाडीचा तर विचारही नको.

18 वर्षांखालच्यांना कोलोसियममध्ये प्रवेश मोफत आहे, तरी त्यांचंही तिकीट आधी काढावं लागतं. तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ ठेवा. पाण्याच्या बाटल्या मात्र विकत घेऊ नका. रस्तोरस्ती नळ अखंड वाहतात, पाणी गार आणि पिण्याजोगं.