वूफर विकत घेण्याआधी हे वाचा: लॅमिंग्टन रोडवरची एक फसवणूक

लॅमिंग्टन रोडवर डुप्लिकेट माल मिळतो हे मुंबईतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. स्टिकरवर '५००० वॅट पीएमपीओ' छापलेला डबा बघून आपण हसतो आणि पुढे जातो. मी सांगतोय ती फसवणूक या हसणाऱ्यांसाठीच बेतलेली आहे. वॅटच्या थापा न ऐकता जो वूफरचे, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरचे, नेमके आकडे थेट विचारतो (एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस, अर्थ पुढे सांगतो), त्याच्यासाठी दुकानात माल तोच असतो, फक्त सोबत एक कागद दिला जातो.

मला घरच्या टेबलासाठी स्पीकर स्वतः बनवायचे होते. मुलुंडच्या वन बीएचकेत मोठे टॉवर ठेवायला जागा नाही आणि भिंतीपलीकडच्या आजींना आवाज चालत नाही. म्हणून मॉनिटरच्या दोन बाजूंना तीन इंची फुलरेंज ड्रायव्हरची (खालपासून वरपर्यंतचे सूर एकटाच वाजवणारा स्पीकर) दोन-दोन लिटरची बंद खोकी आणि टेबलाखाली वेगळा साडेसहा इंची सबवूफर, असा बेत ठरला. तीन इंची पडद्याकडून खर्ज काढायचा म्हटलं तर तेवढ्याच आवाजासाठी प्रत्येक सप्तक खाली उतरताना त्याला चौपट आत-बाहेर हलावं लागतं. ते त्याला झेपत नाही, म्हणून खालचं काम सबवूफरकडे. विभागणी १२० हर्ट्झला ठेवली (त्याखालचे सूर सबवूफरला, वरचे छोट्या खोक्यांना). त्याहून बरीच वर नेली की कानाला आवाजाची दिशा कळायला लागते आणि गवयाचा आवाज आपल्या गुडघ्यांपासून येतो.

या सगळ्यात लाकूड कापण्याआधी लागतात ते वूफरचे तीन आकडे. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत वूफर ज्या हर्ट्झला स्वतःहून डोलतो ती वारंवारता. क्यूटीएस म्हणजे ते डोलणं किती लवकर आवरतं त्याचं माप. मॅग्नेट जोरदार असेल तर हा आकडा लहान. व्हीएएस म्हणजे पडद्याच्या लवचिकपणाइतकीच लवचिक असलेली हवा, लिटरमध्ये. नेव्हिल थील या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरने १९६१ साली मांडलेली आणि रिचर्ड स्मॉलने सत्तरच्या दशकात पुढे नेलेली ही पद्धत आजही सगळे वापरतात. बंद खोक्याचा हिशोब तर शाळेतल्या गणिताइतका सोपा: व्हीएएसला खोक्याच्या लिटरने भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा आणि त्याने एफएस व क्यूटीएस दोघांना गुणा. गुणून आलेला क्यू ०.७ च्या आसपास असला की खर्ज सपाट आणि स्वच्छ. १ च्या वर गेला की धबधब.

म्हणजे आकडे खोटे असतील तर नुसता वूफरच खोटा ठरत नाही. त्याच्यासाठी कापलेलं प्लाय, सुताराची मजुरी, फिल्टरची जुळणी, सगळं पाण्यात.

ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला चालत गेलं की लॅमिंग्टन रोड लागतो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव पाटीवर आहे, तोंडात कुणाच्या नाही. तिथे प्रामाणिक दुकानं भरपूर आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. माझे कॅपॅसिटर, वायर, टर्मिनल तिथलेच आहेत आणि उत्तम आहेत. ज्या गाळ्याबद्दल बोलतोय तो मुख्य रस्त्यावर नाही, आतल्या एका इमारतीच्या मधल्या मजल्यावर आहे. नाव लिहीत नाही. पद्धत लक्षात घ्या, कारण ती एकट्या त्याची नाही.

मी एफएस विचारल्याबरोबर तो माणूस खुर्चीतून उठला. "साहेब, आपला मराठी माणूस दिसलात म्हणून खरं सांगतो. हा बाहेर मांडलेला माल रिक्षावाल्यांचा. तुमचा माल आत आहे." मग त्यानेच मला उलट विचारलं, "सील्ड करणार की पोर्टेड?" म्हणजे खोकं बंद की भोक ठेवलेलं. हा प्रश्न विचारणारा दुकानदार भेटला की गिऱ्हाईक निम्मं विकलं गेलेलं असतं. आतून वूफर आला: जड, मागे मॅग्नेटवर काळी रबरी टोपी, स्टिकरवर ८ ओहम. आणि सोबत छापील कागद, आलेखासकट. एफएस ३२ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४०, व्हीएएस २० लिटर.

माझ्या १२ लिटरच्या खोक्यात हे आकडे टाकले तर उत्तर येतं ५२ हर्ट्झ आणि क्यू ०.६५. टेबलाखालच्या सबवूफरला यापेक्षा काय हवं? किंमत २,४०० रुपये. फार स्वस्तही नाही, म्हणजे शंकाही येत नाही. त्याने वाजवूनही दाखवला, स्वतःच्या भल्या मोठ्या खोक्यात बसवून, अॅम्पवरचं खर्ज फुगवणारं लाउडनेसचं बटण दाबून. दुकानातल्या खोक्यात वाजलेल्या वूफरवरून तुमच्या घरच्या खोक्याबद्दल काहीही कळत नाही. तो डेमो कानासाठी नसतोच, तो खिशासाठी असतो.

तिथूनच २.१ अॅम्पचा (दोन स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) बोर्डही दिला. चिप टीपीए ३११६, बोर्डावर '२०० वॅट', सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर. हे फार वेळ घेणार नाही. या जातीच्या अॅम्पमधून एका चॅनलला मिळणारी वॅट ढोबळमानाने व्होल्टचा वर्ग भागिले दुप्पट ओहम इतकी असते. १२ व्होल्ट आणि ४ ओहमवर ती १८ येते. ही चिप खरी असली तरी तिच्या स्वतःच्या डेटाशीटप्रमाणे ५० वॅट द्यायला तिला २१ व्होल्ट लागतात, तेही १० टक्के विकृती सोसून. १२ व्होल्टवर २०० वॅट सांगणारा बोर्ड कुठेही दिसला तर हा भागाकार तिथेच, मोबाइलवर करा. अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा आणि तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून तपासता येतो. माझ्या अडॅप्टरवर तो नव्हताच.

खोकं मी नीट करून घेतलं. मुंबईच्या पावसात एमडीएफच्या कडा फुगतात, म्हणून आयएस ७१० शिक्क्याचं १८ मिलिमीटर मरीन प्लाय आणलं. सुताराने सांधे इतके घट्ट बसवले की कुठून हवा निसटायला वाव नाही. बसवलं, जोडलं, आणि पहिली गोष्ट लावली ती तबल्याचं सोलो. डग्ग्यावर मनगट सरकवून वादक जी मींड घेतो, घुमारा खालून वर चढत जातो, तिच्यासाठी तर हा सगळा खटाटोप. मींड गायब. प्रत्येक घुमारा एकाच सुरात, धब, धब, धब. नाशिक ढोल लावला असता तर कदाचित कळलंही नसतं.

फोन केला. उत्तर तयार होतं: "साहेब, नवीन आहे, घोटून घ्या. दोन महिने वाजवा, मोकळा होईल." या एका वाक्यात या धंद्याची सगळी हुशारी आहे, कारण ते अर्धं खरं आहे. नव्या वूफरचा स्पायडर (पडद्याला मागून धरणारी कापडी चकती) आणि कडेचा रबर वापराने थोडे सैल होतात आणि एफएस थोडा उतरतो. थोडा म्हणजे काही हर्ट्झ. पण दोन महिने थांबलात की माल परत करायची वेळ टळून गेलेली असते आणि तुमचा कानही त्या धबधबीला सरावलेला असतो.

मी थांबलो नाही, वूफर खोक्यातून काढून गिरगावातल्या एका काकांकडे नेला. रेडिओ दुरुस्तीत त्यांचं आयुष्य गेलंय. त्यांनी आधी मल्टीमीटर लावला. ८ ओहमच्या वूफरची कॉइल मीटरवर साधारण ६ च्या आसपास दिसते, ही ३.४ दाखवत होती. "अरे, हा चारचा आहे," काका म्हणाले, "स्टिकर आठचा कुणी लावला?" मग त्यांनी वूफरच्या मालिकेत १००० ओहमचा रेझिस्टर जोडला, अॅम्पमधून साइन वेव्ह (एकाच वारंवारतेचा शुद्ध सूर) सोडली आणि वूफर टेबलापासून दूर, हवेत धरायला लावला. वारंवारता हळूहळू वर नेत वूफरच्या दोन टोकांवरचा एसी व्होल्टेज बघायचा. जिथे तो सर्वांत जास्त, तो एफएस. काटा ५८ ला चढला. नंतर पडद्यावर सोनाराच्या काट्यावर तोललेला मातीचा गोळा चिकटवून पुन्हा मोजलं. वजनाने वारंवारता किती उतरते यावरून व्हीएएस निघतो. तो निघाला ७ लिटर. क्यूटीएस ०.९.

आता हेच आकडे माझ्या १२ लिटरमध्ये टाका: ७३ हर्ट्झ आणि क्यू १.१३. डग्ग्याचा प्रत्येक घुमारा एकाच सुरात का येत होता याचं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे. घोटून घोटून ५८ चे ३२ कधीच होत नाहीत.

मग काकांनी मॅग्नेटवरची रबरी टोपी ब्लेडने कापली. टोपीच्या मानाने आतलं मॅग्नेट केवढंसं, आणि भोवतालच्या पोकळीत वजनासाठी प्लास्टरसारखं पांढरं काहीतरी ओतलेलं. दुकानात हातावर तोलून 'जड आहे, म्हणजे चांगला' म्हणणाऱ्यांची ही सोय. मॅग्नेट कमजोर, म्हणून क्यूटीएस ०.९. कागदावरचे आकडे कुठल्यातरी बऱ्या कंपनीच्या दुसऱ्याच वूफरचे उचललेले.

परत करायला गेलो तेव्हा तोच माणूस मला ओळखेना. "हा आमचा माल नाही, साहेब." मी पावती काढली. पावती कसली, 'एस्टिमेट' असं छापलेली चिठ्ठी: दुकानाचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही, मालाच्या जागी 'एसपीके १ नग', आणि खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. पैसे क्यूआर कोडवर दिले होते. ते तिसऱ्याच व्यक्तीच्या नावाने गेलेले. कच्च्या चिठ्ठीने जीएसटी वाचतो असं आपल्याला वाटतं. दुकानदाराच्या लेखी त्या चिठ्ठीची किंमत फार जास्त आहे. उद्या तो व्यवहार झालाच नव्हता, असं म्हणायची ती मुभा आहे.

इथे कायद्याचं थोडं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. म्हणजे तो छापील 'परत घेतला जाणार नाही' सदोष मालाला लागू होत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. अनेकजण अशा वेळी १९३० फिरवतात, पण तो क्रमांक ऑनलाइन आर्थिक फसवणुकीचा. दुकानात उभं राहून हातात घेतलेल्या मालाचं प्रकरण ग्राहक तक्रारीतच बसतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे.

हे सगळं मी त्याला तिथेच ऐकवलं. गाळ्यात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, म्हणून असेल, पण त्याने गल्ल्यातून १,००० रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि वूफर ठेवून घेतला. बाकीचे १,४००, प्लाय आणि मजुरी यांचा भुर्दंड माझ्याच अंगावर. तक्रार १९१५ वर नोंदवलीये, क्यूआरच्या व्यवहाराच्या आणि मोजमापाच्या फोटोंसकट. तो कापलेला, चिरलेला वूफर त्याने परत का घेतला याचा विचार मी रेल्वेत करत होतो. नवी रबरी टोपी किती रुपयांना मिळते?

आता दुसरीकडून, २७ ने सुरू होणारा जीएसटी क्रमांक असलेल्या पक्क्या बिलावर वूफर घेतलाय. २७ हा महाराष्ट्राचा कोड, आणि तो पंधरा अंकी-अक्षरी क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव दिसतं. बिलावरच्या नावाशी जुळवून बघा. दुकानदाराला घेण्याआधीच सांगितलं होतं की घरी मोजणार आणि फरक मोठा असेल तर परत आणणार. त्याने बिलावर तसं लिहून दिलं. कागदावर एफएस ३४, मोजला तर ३७. असा फरक चालतो.

परवा ठाण्याच्या एका मित्राने फोटो पाठवला, 'हा सब कसा वाटतो?' म्हणून. कागद तोच, आलेख तोच, ३२, ०.४० आणि २० तेच. वरचं मॉडेलचं नाव तेवढं बदललंय, आणि वूफर या वेळी आठ इंची आहे. साडेसहा आणि आठ इंची पडद्यांचे तिन्ही आकडे असे दशांशापर्यंत जुळत नसतात. हा कागद तुमच्यापुढे आला तर दुकानातच मल्टीमीटर काढा आणि कॉइल मोजा. मोजू देत नसतील तर जिना उतरा.