गृहकर्जाचं पार्ट-पेमेंट: अकरा वर्षांचा अनुभव, साडेतीन स्टार

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरचा आमचा वन बीएचके नोव्हेंबर २०१२ मध्ये घेतला. कर्ज १४ लाख, व्याज दहा टक्के, फ्लोटिंग (म्हणजे बदलता दर), मुदत २० वर्षं, हप्ता १३,५१०. मिस्टर सातपूरला कंपनीत, मी घरी ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. हे कर्ज जानेवारी २०२४ मध्ये फिटलं, म्हणजे जवळजवळ नऊ वर्षं आधी. बँक राष्ट्रीयीकृत आहे. नाव लिहीत नाही, कारण शाखेगणिक अनुभव बदलतो आणि मला बोलायचंय ते पार्ट-पेमेंटच्या, म्हणजे हप्त्याशिवाय वरून थोडे थोडे पैसे भरून कर्ज फेडण्याच्या सोयीबद्दल. सोय पाचपैकी पाच. ती राबवण्याची शाखेची पद्धत दोन. म्हणून एकूण साडेतीन.

सोय चांगली का ते आधी सांगते. पहिलं वर्ष संपल्यावर मी स्टेटमेंट मागून आणलं. वर्षभरात आम्ही भरले होते १,६२,१२०. मुद्दल कमी झाली होती २३,१६०. बाकी सगळं व्याज. ते दोन आकडे बघून त्या रात्री मला झोप लागली नाही. पण त्यातच वाट सापडली. सुरुवातीच्या हप्त्यात मुद्दल अठराशे-एकोणीसशेच असते, मग आपण वरून थोडे भरले तर ते सगळेच्या सगळे मुद्दलीत जातात. रिझर्व्ह बँकेने २०१२ च्या जूनमध्येच फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडण्याचा दंड बंद केला होता. म्हणजे भरायला एक रुपया जास्तीचा नाही.

२०१३ च्या दिवाळीत बोनस आला. त्यातले १५,००० घेऊन मी शाखेत गेले. काउंटरवर पैसे घेतले, पावती दिली, झालं. पुढच्या महिन्यात हप्ता गेला १३,३६३. मी आधी खूश झाले, हप्ता १४७ रुपयांनी उतरला! मग वहीत गणित मांडलं. मुदत तीच ठेवून हप्ता उतरवला तर महिन्याला १४७ सुटतात आणि ते भाजीत कुठे जातात कळतही नाही. हप्ता तोच ठेवून मुदत उतरवली तर त्याच १५,००० मध्ये शेवटचे सात हप्ते जातात. सात गुणिले १३,५१०, म्हणजे ९४,५७०. मला कुणी विचारलंच नव्हतं की यातलं काय हवंय. परत गेले, साहेब म्हणाले, "मॅडम, सिस्टीम आपोआप तसंच घेते." लेखी अर्ज दिला, दोन चकरा मारल्या, तेव्हा हप्ता पूर्ववत झाला. तेव्हापासून प्रत्येक वेळी अर्जावर ठळक लिहिलं: "हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." आणि झेरॉक्सवर शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठले नाही. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे एक वाक्य मात्र उतरवून ठेवा.

आता पैसे कुठून आणले. हे मला सगळे विचारतात.

मेनरोडवरून लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही आणली होती. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि कडेला मी स्वतः आखलेला तिसरा रकाना: "टळलेला खर्च". नियम एकच, जो खर्च टळला तेवढी नोट त्याच दिवशी डब्यात. नुसतं 'वाचवलं' म्हणून पैसा वाचत नाही, तो दुसऱ्या वाटेने जातो. रविवारी चौघांनी बाहेर मिसळ खायची ठरलं आणि मी मटकी भिजवून घरीच केली, तर फरकाचे पैसे डब्यात. मिस्टर रिक्षाऐवजी कंपनीच्या बसने आले तर ते वीस-तीस रुपयेही डब्यात.

कांद्याचं सांगते, नाशिकच्या बायकांना पटेल. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांद्याची पन्नास किलोची गोणी घ्यायची. लाल कांदा नाही, तो टिकत नाही. गॅलरीत सावलीला जुन्या द्राक्षाच्या क्रेटमध्ये पातळ थर करून पसरायचा, खालून वारा लागला पाहिजे. दर रविवारी हात फिरवून मऊ पडलेला किंवा कोंब आलेला बाजूला काढायचा, तोच आधी वापरायचा. दिवाळीपर्यंत जातो. एका वर्षी मी बारा रुपयांनी घेतलेला कांदा ऑक्टोबरात बाजारात पन्नासवर गेला. मग दर किलोमागे अडतीस रुपये डब्यात टाकत गेले, जणू मी तो बाजारातूनच आणतेय. गहू वर्षाचा उन्हाळ्यातच, भाजी बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून, फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटीतल्या द्राक्षांऐवजी सुटे द्राक्षमणी, चव तीच.

काटकसर कुठे केली नाही तेही लिहिते, कारण याबाबतीत माझं मत ठाम आहे. मुलांचं दूध, सासूबाईंची औषधं आणि आरोग्य विम्याचा हप्ता, यांना हात लावला नाही. आणि तीन हप्त्यांइतकी रक्कम कायम आरडीत, म्हणजे दरमहा भरायच्या ठेवीत, बाजूला. २०२० मध्ये लॉकडाउनमध्ये कंपनी बंद होती, पगार अर्धाच आला. बँकेकडून मोरॅटोरियमचे, म्हणजे काही महिने हप्ता थांबवण्याच्या सवलतीचे, मेसेज येत होते. हप्ता थांबला तरी व्याज थांबत नव्हतं, म्हणून आम्ही घेतलं नाही, आरडी मोडली. ती नसती तर अंगावरचं विकावं लागलं असतं. त्या वर्षी पार्ट-पेमेंट शून्य. बाकी वर्षांत सरासरी पन्नास हजारांच्या आसपास: डबा, शिलाईचे निम्मे पैसे, बोनस, आणि पगारवाढ झाली की वाढीतला अर्धा भाग.

मिस्टरांच्या कंपनीतले लोक म्हणायचे, कर्ज लवकर फेडू नका, टॅक्सची सूट जाते. आमचा स्लॅब तेव्हा दहा टक्क्यांचा. शंभर रुपये व्याज भरून दहा वाचवायचे, उरलेले नव्वद कुणाचे? मोठ्या पगाराच्या माणसाचं गणित वेगळं असेल, आमच्यासारख्यांनी तो सल्ला ऐकू नये.

बँकेवरचा माझा दुसरा राग दराचा. ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडली गेली. आम्ही जुने ग्राहक, जुन्या चढ्या दरावरच राहिलो, शाखेने अवाक्षर काढलं नाही. शेजारच्या ताईंनी सांगितलं तेव्हा अर्ज करून, थोडं शुल्क भरून बदलून घेतलं. मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ रेपो चारवरून साडेसहा झाला, तेव्हा बँकेने न विचारता आमची मुदत वाढवली. मी सहा महिन्यांनी स्टेटमेंट काढते म्हणून कळलं. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानंतर दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय बँकेने ग्राहकाला द्यायचा आहे. पण स्टेटमेंट तुम्हीच बघा.

शेवटचा भरणा झाल्यावर मूळ कागद "दीड-दोन महिन्यांत" मिळतील असं उत्तर मिळालं, कागद मुंबईला आहेत म्हणे. १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम तीस दिवसांचा आहे, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मी ते छापून नेलं होतं. आवाज न चढवता टेबलावर ठेवलं. सत्ताविसाव्या दिवशी फोन आला.

कागद घेताना घाई करू नका. आम्ही तिथेच बाकावर बसून करारनाम्याची पानं मोजली, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा घराच्या नोंदीचा उतारा), नोंदणीची पावती, नो ड्यूज सर्टिफिकेट (काही बाकी नसल्याचा दाखला) बघितलं. सोसायटीचा शेअर सर्टिफिकेटचा कागद त्यांच्या यादीत लिहिलेलाच नव्हता. माझ्याकडे २०१२ ची पोच होती, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली, ती दाखवल्यावर आतल्या कपाटातून तो निघाला. हप्ता आपोआप कापण्याची परवानगीही त्याच दिवशी अर्ज देऊन रद्द करून घ्या. महिन्याभराने सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या अहवालात, खातं "बंद" दिसतंय का तेही बघा. आमचं दिसायला दोन महिने लागले.