बेळगावात रोजच्या सुती साड्या : पाडव्यापासून दिवाळीपर्यंत वापरल्यावर

आधीच सांगते, लग्नाकार्याच्या साड्यांबद्दल हे नाही. स्वयंपाक, बाजार, बँक, भजनीमंडळ, यासाठी नेसायची आणि सतत धुण्यात पडणारी साडी. साठी ओलांडली तरी आम्हाला ती रोज लागते, दुकानदारांना मात्र वाटतंय या बायका आता गाऊन घालून सीरियल बघत बसतात.

लिहायला बसले ते भांडणामुळं. गावातलं एक मोठं एसी दुकान, नाव घेत नाही, तिथनं साडेसहाशेची कॉटन घेतली, पोपटी, मरून काठ. चिठ्ठीवर छापलेलं, पन्हा म्हणजे साडीची रुंदी ४७ इंच. फॉल-पिको करून घेतला, त्याचे नव्वद वेगळे, पहिल्या धुण्यानंतर नेसले तर घोट्याच्या वर. टेप लावला तर ४४! माझी उंची पाच फूट सहा इंच, ४४ च्या पन्ह्यात मी शाळेला निघालेल्या पोरीसारखी दिसते. परत नेली तर काउंटरवरचा पोरगा म्हणतोय, "अज्जी, वाश माडिद्रे वापस इल्ल," म्हणजे धुतली की परत नाही. अरे पण धुतल्याशिवाय आटते की नाही कळणार कसं? मग मॅनेजर आला, तो मराठीत, "काकू, जरा खाली नेसा की." किती खाली नेसू तूच सांग म्हटलं तर शेजारची गिऱ्हाईकं हसायला लागली, पण पैसे काय मिळाले नाहीत, बदलूनही मिळाली नाही.

तेव्हापासून मी पन्ह्याच्या मागे लागले आहे, घरातले वैतागलेत. पण बघा, साडीची लांबी सगळे सांगतात, साडेपाच मीटर, वर ब्लाऊजपीस. पन्हा कुणी सांगत नाही. मुलानं पुण्याहून ऑनलाइन मागवून दिल्या त्यातही लांबी होती, रुंदीचा पत्ता नाही, आणि फोटोतली मुलगी हिल्स घालून उभी, निऱ्या मात्र जमिनीला टेकलेल्या, म्हणजे साडी मोठी की फोटो काढणारा हुशार ते कळत नाही. ऑनलाइनचं एक बरं, परत न्यायला पोरगा दारात आला आणि पैसे खात्यात मुकाट्यानं जमा झाले, वाद नाही. पण साडी हातात घेतल्याशिवाय सूत कळत नाही, खळ किती आणि कापड किती ते तर अजिबात नाही. खळीनं कडक केलेली साडी दुकानात भारदस्त वाटते, दोन धुण्यांत मच्छरदाणी.

खडेबाजार, गणपत गल्ली फिरले. माल भरपूर, पण संध्याकाळी गेलात तर घडी मोडायला कुणी तयार नसतंय. "तसाच आहे काकू, सगळा एकच पन्हा." सगळा एकच नसतो, मी मोजलाय, एकाच गठ्ठ्यात ४५ पण निघाला आणि ४७ पण.

शेवटी शहापूरला गेले, आता ते बेळगावातच येतं. आमच्या सासूबाई सांगायच्या, पूर्वी बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर सांगली संस्थानचं, साडी घ्यायला आपण दुसऱ्या राज्यात जायचो म्हणे. आता मी आधार कार्ड दाखवून झिरो तिकिटावर जाते. ११ जून २०२३ पासून शक्ती योजना, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांना सरकारी बस फुकट, आली तेव्हापासून आमच्या भजनीमंडळातल्या बायकांची खरेदीच बदलली, पूर्वी रिक्षाचे पैसे वाचवायला जवळच्या दुकानात मिळेल ते घ्यायचो, आता चार दुकानं बघून काही न घेता परत आलं तरी मन खात नाही. पुण्याची बहीण आली होती, तिचं आधार महाराष्ट्राचं, तिला तिकीट पडलं, त्यावरून पूर्ण प्रवासभर ऐकवलं तिनं.

तर शहापुरातलं साड्यांचं जुनं दुकान, गादीवर बसून माल दाखवायचं. माझे गुडघे बघून मालकांनी न सांगता स्टूल दिलं, साडी पूर्ण उलगडली, लोखंडी मीटरपट्टी लावली आणि म्हणाले, "अक्का, ही ४८ आहे, धुतल्यावर दीडेक इंच जाईल, मग फॉल लावा. फॉल पण आधी भिजवा, नाहीतर तो आटतो आणि खालची कड चुरगळते." एवढं मला त्या एसी दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. पाचशेवीस रुपये. धुतली, साडेसेहेचाळीस भरली. बरोबर दीड! दुसऱ्याच आठवड्यात आणखी दोन आणल्या, बहिणीनं पण एक नेली.

इथवर मी सुती म्हणजे सुतीच म्हणणारी होते. जुलैत मत बदललं. बेळगावचा पाऊस माहीत आहे ना, चार-चार दिवस ऊन नाही, सुती साडी दोरीवर दोन दिवस ओली आणि तिसऱ्या दिवशी वास. मग वडगावच्या एका माग चालवणाऱ्या विणकराकडनं मिक्स धाग्याच्या दोन साड्या घेतल्या, साडेतीनशेला एक, खरं तर नाराजीनंच घेतल्या. रात्री वाळत टाकली की सकाळी तयार, आणि पन्हा ४६ चा ४६, पावसाळा संपला तरी इंचभर हलला नाही. उन्हाळ्यात मात्र अंगाला चिकटेल, चैत्रात कोण नेसणार ती.

इरकल पण रोज वापरून बघितली कारण कपाटात पडून होत्या. इरकलचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो, अंगाच्या ताण्याला फासे अडकवून जोडतात, तोपे तेणी म्हणतात त्याला. दिसायला तोड नाही, पण माझ्या एका साडीचा तो जोडच रोजच्या खेचाखेचीत विरला, पदर कमरेला खोचायची सवय दुसरं काय. इरकल आता देवळापुरती.

परकराबद्दल फार लिहीत नाही, पॉपलीनचा घ्या, सॅटिन घसरतं. ब्लाऊजला टू बाय टू रुबिया सगळ्याच घेतात, मी यावेळी बेळगावजवळच्या हुदलीच्या खादीचं कापड घेतलं. तेच हुदली, स्वातंत्र्यसैनिक गंगाधरराव देशपांड्यांचं गाव, १९३७ साली गांधीजी आले होते तिथं. सुरुवातीला काखेत टोचलं म्हणून टेलरला बोलले, आता धुऊन धुऊन इतकं मऊ झालंय की रुबिया मागे पडला.

जाणार असाल तर दुपारी तीनच्या आत जा, शनिवार सोडून, तेव्हा दुकानात माणसं रिकामी असतात आणि कुरकुर न करता साडी उलगडतात. आणि टेप आपला न्या, खडेबाजारात एका दुकानातल्या टेपचा पहिला इंच तुटलेला होता आणि तो पोरगा दोनपासून मोजून मला पन्हा सांगत होता.