एसी-६०० यूएसबी वाय-फाय ॲडॉप्टर : दिवाळीपासूनचा अनुभव

डेस्कटॉपला वाय-फायशी जोडण्यासाठी दिवाळीत घेतलेल्या या बोटभर ॲडॉप्टरबद्दल कोणी विचारले, तर पहिले काही आठवडे मी ‘बिनधास्त घ्या’ असेच सांगत होतो. उन्हाळा लागेपर्यंत ते मत पार बदलले आणि आता पुन्हा थोडे सुधारले आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरी खाली यंत्रमाग आणि वर ऑफिस आहे. टॉवेलांच्या जकार्डची डिझाइने मी डेस्कटॉपवर करतो आणि त्यांच्या जड फाइली गिऱ्हाइकांना पाठवतो. इंटरनेटचा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे. टेबलावरच्या मोबाइलला ९०च्या वर वेग मिळत असताना डेस्कटॉप मात्र १०-१२वर अडकलेला असे. तक्रार केल्यावर इंटरनेट कंपनीकडून आलेल्या माणसाने मोबाइलवर वेग मोजून लाइन ठीक असल्याचे सांगितले आणि २००चा प्लॅन घेण्याचा सल्ला दिला. आहेत तेच १०० ज्या संगणकापर्यंत पोहोचत नाहीत, त्याच्यासाठी जास्त पैसे का भरायचे, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ (netsh wlan show interfaces) ही आज्ञा दिली की जोडणीचा बँड (म्हणजे वाय-फायच्या लहरींचा पट्टा, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ), त्यातला चॅनल आणि वेग दिसतो. दोन्ही बँडना राउटरने एकच नाव दिलेले असल्यामुळे ॲडॉप्टर २.४ गिगाहर्ट्झ धरून बसला होता. या बँडवर १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत आणि आमच्यासारख्या दाट वस्तीत ते तिन्ही भरलेले असतात. त्यातच, बॅकअपची डिस्क सुरू केली की साधे पानही उघडेना. यूएसबी ३.० जोडणीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, हे इंटेलने २०१२मध्येच प्रसिद्ध केले आहे. आमची डिस्क ॲडॉप्टरच्या अगदी शेजारच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.०च्या पोर्टमध्ये होती, आणि दोन्ही लोखंडी कॅबिनेटच्या मागे, भिंतीकडे तोंड करून.

मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणून ॲडॉप्टर टेबलाच्या कडेला ठेवला. एवढ्यानेच वेग तिपटीच्या आसपास गेला. मग राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झला वेगळे नाव देऊन डेस्कटॉप त्यावर जोडला, तेव्हा आकडा ८०च्या वर गेला आणि तो आजही टिकून आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, वीज वाचवण्यासाठी ॲडॉप्टर बंद करण्याची विंडोजला दिलेली मुभाही काढून घेतली, त्यामुळे मधूनच जोडणी तुटणे थांबले.

माझा खरा राग खोक्यावरच्या ६०० या आकड्यावर आहे. २.४ गिगाहर्ट्झवरचे १५० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ४३३ एमबीपीएस यांची बेरीज करून तो फुगवलेला आहे. हा ॲडॉप्टर एका वेळी एकाच बँडवर चालतो, म्हणजे ही बेरीज गिऱ्हाइकाच्या पदरात कधीच पडत नाही. शिवाय तो यूएसबी २.०चा आहे आणि त्या जोडणीची कागदावरची कमाल मर्यादाच ४८० आहे. आमच्याकडे टॉवेलावर लिहिलेले माप आणि प्रत्यक्षातले माप यांत एवढा फरक निघाला, तर व्यापारी अख्खा माल परत पाठवील. मोठ्या अक्षरांत खोटी आशा छापण्याऐवजी कंपनीने शंभर-सव्वाशे रुपयांची ती वायर खोक्यात घातली असती, तर प्लॅन वाढवण्याचा सल्ला ऐकण्याची वेळ आली नसती.

कॅबिनेट टेबलावर असेल आणि पुढचा पोर्ट मोकळा असेल, तर हा ॲडॉप्टर जरूर घ्यावा. कॅबिनेट खाली, भिंतीला लागून असेल, तर वायरीचे पैसे किमतीत धरूनच दुसऱ्या ॲडॉप्टरशी तुलना करावी.