पक्क्या चाकांचा गिअर

नाशिकजवळ अंबडला कंपनीत प्रेसवर माझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. निवृत्तीनंतर भाच्याने घरी कॉम्प्युटरवर विमान चालवायचा खेळ, फ्लाइट सिम्युलेटर, टाकून दिला. ओझरची मिग लढाऊ विमानं डोक्यावरून जाताना बघत मोठा झालेला माणूस मी, चटक लागायला वेळ लागला नाही. पण उतरताना विमान सांभाळून फ्लॅप (पंखांमागच्या, उतरताना खाली करायच्या झडपा), दिवे, ब्रेक ही सगळी बटणं दाबणं तीन बोटांना झेपेना.

ओळखीतल्या एकाने एका पोराचा नंबर दिला. बोलायला फार गोड. “काका, एका बटणात लँडिंगची सगळी तयारी. स्पेशल मॅक्रो, लायसनसह साडेतीन हजार.” यूपीआयने पाठवले. नुसती ईएक्सई, म्हणजे थेट चालणारी प्रोग्रॅमची फाइल आली. “अँटीव्हायरस बंद करा, तो उगाच अडवतो.” केला बंद. (तेव्हा घरात कोणी असतं तर माझा हात धरला असता.)

ते एक बटण म्हणजे एफ९. ते दाबलं की कधी तिन्ही टप्प्यांचे फ्लॅप एकदम पडायचे, कधी एकच. मी चालवायचो त्या छोट्या सेसना १७२ विमानाला पूर्ण फ्लॅप ८५ नॉट वेगाच्या आत उघडायचे असतात. हा शंभरलाही उघडायचा. महिन्याने सगळंच बंद पडलं. “लायसन संपलं, बाराशे टाका.” तेही टाकले.

एकदा नोटपॅडमध्ये किराण्याची यादी करताना चुकून एफ९ दाबलं गेलं आणि ‘गूळ’च्या पुढे इंग्रजी जी उमटला. जी म्हणजे सिम्युलेटरमध्ये चाकं, म्हणजे गिअर, वर-खाली करायचं बटण. माझ्या साध्या सेसनाची चाकं पक्की, ती आत जातच नाहीत! पोराला विचारलं, तर म्हणे, “काका, त्याने स्पीड वाढतो.”

रविवारी भाचा आला. त्याने स्क्रीनवर घड्याळाशेजारचं हिरवं चिन्ह बघितलं, त्यात पांढरा एच. म्हणाला, “मामा, हे ऑटोहॉटकी आहे, बटणं आपोआप दाबणारा प्रोग्रॅम. २००३ पासून फुकट मिळतंय.” पोराने त्यातच चार ओळी लिहून कुलूप घातलेली फाइल मला विकली होती. आणखी काय घुसवलंय ते कळायला मार्ग नव्हता. इंटरनेट काढलं, मोबाइलवरून पासवर्ड बदलले, विंडोज नव्याने टाकलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे नाही.

मग भाच्याने नोटपॅडमध्येच स्क्रिप्ट लिहायला शिकवलं. एफ७ हे फ्लॅप एक टप्पा उघडायचं बटण; स्क्रिप्टने ते दाबायचं, ५० मिलिसेकंद धरायचं, मग सोडायचं. निमिषभरात सोडलं तर सिम्युलेटरला कधीकधी कळतच नाही; एकच फ्लॅप पडायचा तो त्यामुळे. आता मी एका दाबात एकच टप्पा ठेवलाय, आधी वेग बघतो, मगच पुढचा. ओळ चुकली तर उघडून वाचता येते, हे फार बरं वाटतं.

परवा वेगळ्या नंबरवरून मेसेज आला: “काका, नवीन व्हर्जन आलंय. गिअर आता एकदम स्मूथ.”