ईको की ट्रायबर: सांभाळण्याच्या दृष्टीने

मारुती ईको आणि रेनो ट्रायबर या दोन्ही गाड्या ठाण्यातल्या मोठ्या कुटुंबाला परवडण्याजोग्या असल्या, तरी त्या सांभाळण्याची रीत वेगळी आहे. ईकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे सीट उचलल्याशिवाय मेकॅनिकचे काम सुरू होत नाही. मात्र नौपाड्याच्या चिंचोळ्या गल्लीत तिचे सरकते दरवाजे फार उपयोगी पडतात. ट्रायबरचे ९९९ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन बॉनेटखाली हाताशी असते आणि तिसरी रांग काढून ठेवता येते, पण भरलेली गाडी गायमुख घाट चढताना गिअर वारंवार उतरवावा लागतो.

बंपर उतरवण्याची पद्धत दोन्हींत जवळपास सारखीच आहे: चाकाच्या कमानीतले स्क्रू आणि कडेचे क्लिप काढून बंपर हळूहळू बाहेर ओढायचा. जुलै २०१९ पासून रिव्हर्स सेन्सर बंधनकारक असल्याने मागच्या बंपरचे वायरिंग आधी सोडवावे. (पावसाळ्यात चिखलाने घट्ट बसलेले क्लिप हमखास तुटतात, मूठभर नवे आणून ठेवावेत.) सामानाची ने-आण जास्त असेल तर ईको, अन्यथा बसण्याच्या सोयीसाठी मी ट्रायबरच सुचवेन.